सोळा आण्यांचा हिशेब

तीन पै म्हणजे एक पैसा, चार पैसे म्हणजे एक आणा, सोळा आणे म्हणजे एक रुपया. १९५७ पर्यंत आपल्याकडच्या प्रत्येक शाळकरी मुलाला हे पाठ असावे लागे. सांगली हा वेगळा जिल्हा म्हणून तेव्हा त्या नावाने ओळखलाही जात नव्हता. १९४९ साली सातारा जिल्ह्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले आणि १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव मिळाले. म्हणजे आज साताऱ्यात किंवा सांगलीत राहणाऱ्या आपल्या आजोबा-पणजोबांनी हा एकच हिशेब घोकला होता.

आजच्या मुलांना तो हिशेब अवघड वाटतो, पण लहान मुलाच्या दृष्टीने त्यात मोठी सोय होती. भाकरी अर्धी करावी, त्या अर्ध्याची पुन्हा अर्धी करावी, तसा रुपया मोडत जायचा. रुपयाचा निम्मा अधेली, तिचा निम्मा पावली, तिचा निम्मा चवली आणि चवलीचा निम्मा आणा. चार वेळा निम्मे केले तरी कुठे तुकडा उरत नाही. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे याच व्यवहारासाठी होते. मूल आधी हातात नाणे धरायचे आणि मग पाढा म्हणायचे.

उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवणाऱ्याला या हिशेबात आणखी एक गोष्ट दिसते. हिशेब, रक्कम, जमा, खर्च, वजा, बाकी हे सगळे शब्द अरबीतून फारसीमार्गे मराठीत आले. चिल्लरीला आपण खुर्दा म्हणतो, तो शब्द फारसी. उर्दू माध्यमाची मुले बेरजेला 'जमा' आणि गुणाकाराला 'जर्ब' म्हणतात. हाच 'जर्ब' शब्द जुन्या रुपयांवर टाकसाळीच्या गावाच्या नावाआधी येतो, कारण त्याचा मूळ अर्थ ठोकणे, ठसा उमटवणे. मिरजेचे जुने नाव मुर्तजाबाद, तेही अशा रुपयांवर आढळते. मराठ्यांच्या टाकसाळींतून निघालेल्या पुष्कळ रुपयांवर मजकूर फारसीत आणि नाव दिल्लीच्या बादशहाचे असे. दुसरीकडे शिवरायांच्या तांब्याच्या शिवराईवर 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपति' ही अक्षरे नागरीत होती. बाजारात ही दोन्ही नाणी चालत. गिऱ्हाईक लिपी बघत नसे, वजन आणि खरेपणा बघत असे.

पण हिशेब न येणाऱ्याचे काय होई? १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकरी सावकारांच्या दारात जमले आणि त्यांनी कर्जरोखे जाळले. त्यानंतर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. तो ज्या चार जिल्ह्यांना लागू झाला त्यांत सातारा होता. घेतलेल्या पैशाची पावती द्यावी, खात्याचा उतारा द्यावा, असे बंधन त्याने सावकारावर घातले. कागद शेतकऱ्याच्या हातात आला, पण तो वाचणार कोण आणि त्यातले आकडे तपासणार कोण? सातारा जिल्ह्यातल्या कटगुणचे मूळ घराणे असलेल्या जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन दिले. प्राथमिक शाळेत मोडी आणि बालबोध यांच्याबरोबर हिशेबही शिकवावा, असे त्यांनी त्यात मागितले. गरिबाच्या मुलाला हिशेब येणे म्हणजे त्याच्या घराची राखण, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

१ एप्रिल १९५७ रोजी हा सगळा हिशेब एका दिवसात बदलला. रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. लोकांना कळावे म्हणून नव्या पैशावर 'रुपये का सौवाँ भाग' असे छापले होते. पाच नव्या पैशांचे नाणे चौकोनी, दहाचे नागमोडी कडेचे, म्हणजे अक्षर न येणाऱ्यालाही बोटांनी ओळखता यावे. मात्र शंभराचे निम्मे पन्नास, पन्नासाचे पंचवीस, आणि पुढे गाडी साडेबारावर अडते. जुनी नाणी काही वर्षे नव्यांबरोबर चालणार होती, म्हणून सरकारने कोष्टक दिले : एक आणा सहा नवे पैसे, दोन आणे बारा, तीन आणे एकोणीस, चार आणे पंचवीस. आता गंमत बघा. दोन-दोन आण्यांच्या दोन वस्तू वेगवेगळ्या घेतल्या तर चोवीस नवे पैसे, एकदम घेतल्या तर पंचवीस. हा एक पैसा गेला कुठे, हे ज्याला सांगता येई त्याला हिशेब आला. चार आणे, आठ आणे, बारा आणे हे शब्द मात्र लोकांनी सोडले नाहीत. पंचवीस पैशांचे नाणे ३० जून २०११ नंतर चलनातून गेले, तेव्हा कुठे 'चार आणे' खऱ्या अर्थाने संपले.

आज वर्गात वेगळीच अडचण आहे. दुकानात मोबाइल दाखवला की पैसे जातात, मुलाच्या हातात नाणे येतच नाही. पहिलीच्या मुलापुढे दोन रुपयांचे आणि पाच रुपयांचे नाणे ठेवा. पुष्कळ मुले दोनचे उचलतात, कारण ते आकाराने मोठे. पाच सुटे रुपये दहाच्या एका नाण्यापेक्षा जास्त वाटतात, कारण ते पाच आहेत. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'एकवीस'बरोबर 'वीस एक' असा पर्याय आला, तेव्हा महाराष्ट्रभर वाद झाला. उर्दू शाळेतल्या मुलाची अडचण त्याहून मोठी. त्याची अक्षरे उजवीकडून डावीकडे जातात आणि आकडे डावीकडून उजवीकडे. अशा वेळी दहाची दोन नाणी आणि एकचे एक नाणे पुढे ठेवले की एकवीस म्हणा, वीस एक म्हणा की इक्कीस म्हणा, दशक आणि एकक डोळ्यांना दिसतात. पुठ्ठ्याच्या खोट्या नाण्यांनी हे तितके जमत नाही. खऱ्या नाण्याला वजन असते आणि ते हरवले तर वाईट वाटते.

मोबाइलवरचा हिशेब चुकत नाही, मग हे कशाला, असे पालक विचारतात. दहाचे नाणे खोटे आहे अशी अफवा उठली, तेव्हा किती दुकानदारांनी ते नाकारले हे आठवा. शेवटी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला सांगावे लागले की दहाच्या नाण्याचे चौदाही नमुने वैध आहेत. नाणे न ओळखणारा माणूस अफवेवर विश्वास ठेवतो आणि आकडा न समजणारा पडद्यावर दिसेल तो आकडा मान्य करतो. सावकाराच्या वहीपुढे अंगठा उठवणारा शेतकरी आणि न बघता बटण दाबणारा आजचा मुलगा यांच्यात मला फार अंतर दिसत नाही.

म्हणून पालकांना एवढेच सांगणे. घरात एका डब्यात सुटी नाणी ठेवा. कोथिंबीर आणायला मुलाला पाठवा आणि मोड त्यालाच मोजू द्या. येत्या ईदला ईदी देताना कोरी नोट देण्याऐवजी एक, दोन, पाच, दहाची नाणी मिसळून द्या. रात्री मुले ती चटईवर मांडून मोजतील, चुकतील, भांडतील, पुन्हा मोजतील. त्यांना मध्येच थांबवून बेरीज सांगू नका.