खोकडाचे दार

पंचतंत्रातली बोलक्या गुहेची कथा आपण सारेच शिकवतो. पण तिच्यातल्या कोल्ह्याने आधी काय केले, इकडे फारसे लक्ष देत नाही. गुहेला हाक मारण्यापूर्वी त्याने दारातली सिंहाची पावले वाचली: आत गेलेली होती, बाहेर आलेली नव्हती. श्वापदांच्या बिळांविषयीचे आपले ज्ञानही दीर्घकाळ असेच, दारातल्या खुणांवरून काढलेल्या अनुमानाचे होते.

प्राण्यानेच आपले छायाचित्र काढावे, ही युक्ती जॉर्ज शिरास या अमेरिकी गृहस्थांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस योजिली. वाटेत दोरा ताणायचा. तो ओढला गेला की मॅग्नेशियमची पूड भडकायची. १९०६ साली ‘नॅशनल जिओग्राफिक’ने त्यांची ७४ छायाचित्रे छापली. आपल्याकडे वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी दोऱ्याच्याच युक्तीने वाघ टिपले. त्यांचे ‘विथ अ कॅमेरा इन टायगर-लँड’ १९२७ चे. मात्र पिल्ले असलेल्या बिळाच्या तोंडाशी असा भडका उडवणे म्हणजे पाहायचे तेच पळवून लावणे. तिथे कॅमेरा टिकला तो अंगाची ऊब ओळखणारे संवेदक आणि अवरक्त प्रकाश हाती आल्यावर.

या साऱ्यात आम्हांस खोकडाची गोष्ट विशेष वाटते, आणि तिची सुरुवात भाषेत आहे. इसापाचा ‘फॉक्स’ मराठीत कोल्हा होऊन आला. वास्तविक तो खोकडाचा भाऊबंद, कोल्हा निराळा. द्राक्षे कोल्ह्याला आंबट झाली आणि खोकडाच्या वाट्याला कथाच उरली नाही. त्याचे माळरानही सरकारी दप्तरांत पुष्कळदा ‘पडीक’ म्हणूनच नोंदले गेले.

ए. जे. टी. जॉनसिंग यांचा खोकडावरील निबंध बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९७८ साली आला. पुढे सोलापूरजवळच्या नान्नजला अबी वनक यांनी खोकडांच्या गळ्यात रेडिओपट्टे बांधून अभ्यास केला. कुत्र्यांचा वावर असलेल्या जागा खोकडे टाळतात, हे २०१० च्या निबंधात मांडले गेले. बिळाला अनेक तोंडे असतात, पिल्लांना नर-मादी दोघेही सांभाळतात, हे आता ठाऊक आहे. एकाच बिळात एकाहून अधिक दूध पाजणाऱ्या माद्या आढळल्याचीही नोंद आहे. कॅमेरा यात वेळेची भर घालतो: कोण किती वाजता आले, तोंडात काय होते. आत काय घडते ते मात्र त्यालाही दिसत नाही. तोही उंबऱ्यावरचाच वाचक.

जुनी बिळे खोकडे पुन्हा पुन्हा वापरतात, वाढवतात. म्हणून ‘पडीक’ माळावर एकदा नांगर फिरला की कित्येक विणींचे घर मोडते.