प्रश्न कुणाला विचारायचा?

“फार करशील तर ठाण्याला पाठवीन!” किंवा “याला आता येरवड्याला पोचवायला हवं!” मंडळी, ही वाक्यं आपण सगळ्यांनी ऐकली आहेत. थट्टेत वापरलीही असतील. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ सालचं. तेव्हापासून गावाच्या नावाचा टोमणा झाला आणि तो घरोघर फिरत राहिला. त्यामुळे आजही कुणाला महिनोन्‌महिने झोप लागत नसेल, किंवा हुशार पोराला वाचता येत नसेल, तरी मानसतज्ज्ञाचं नाव काढलं की घर गप्प होतं. “मला काय वेड लागलंय?” हेच पहिलं उत्तर.

खरं तर आपल्या भाषेत ‘वेड’ हा किती लाडका शब्द आहे! विठ्ठलाचं वेड, गाण्याचं वेड, क्रिकेटचं वेड. अरबीत ‘मजनून’ म्हणजे जिन्नानं झपाटलेला. त्यालाच प्रेमकथेनं मजनू करून अमर केलं. कवींनी वेड्याला मायेनं वागवलं. कायद्यानं मात्र तसं वागवलं नाही.

इंग्रजांनी १९१२ साली ‘इंडियन ल्यूनसी अ‍ॅक्ट’ केला. नवरा, बायको किंवा नातेवाईक यांनी मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करायचा, सोबत दोन डॉक्टरांचे दाखले जोडायचे. त्या दाखल्याचा नमुना कायद्यातच छापलेला होता. त्यात मुख्य जागा दोन : डॉक्टरनं स्वतः पाहिलेली वेडाची लक्षणं आणि इतरांनी सांगितलेली लक्षणं. ‘तुम्हांला स्वतःला काय होतंय?’ या प्रश्नाला त्या कागदावर जागाच नव्हती. मॅजिस्ट्रेटनं त्या माणसाला समक्ष पाहावं असं कलम होतं. पण कारण लिहून तेही टाळता येत असे. आपल्या मनातल्या भीतीचं मूळ इथं आहे. आपल्याबद्दल दुसरेच बोलतील, दुसरेच ठरवतील आणि दार बाहेरून लागेल, ही ती भीती.

त्याआधीच व्हिएन्नात एक वेगळी गोष्ट घडली होती. १८८० ते १८८२ या काळात डॉ. जोसेफ ब्रॉयर एका तरुणीवर उपचार करत होते. आपल्या मनातलं सांगत गेलं की तिला हलकं वाटे. या उपायाला ‘बोलण्याचा इलाज’ हे नावही तिनंच दिलं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. पुढे फ्रॉइडनं त्यावर मोठं शास्त्र उभारलं. १९२२ साली गिरींद्रशेखर बोस यांनी कोलकात्यात भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली. फ्रॉइडची सगळी मतं आज कुणी मानत नाही. पण आजारी माणसाला बोलू द्यायचं आणि आपण ऐकायचं, ही रीत मात्र टिकली.

आता चाचण्यांकडे वळू. ‘बुद्धी मोजणार’ म्हटलं की आईबापांच्या पोटात गोळा येतो. फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने यांनी १९०५ साली पहिली चाचणी तयार केली, ती शाळेत मागं पडणारी मुलं ओळखून त्यांना वेगळी मदत देता यावी म्हणून. मुलावर कायमचा शिक्का मारणं हा बिनेंचा हेतू नव्हता. शिक्के मारणारे पुढे दुसरे निघाले. आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी ही चाचणी मराठी आणि कानडी बोलणाऱ्या मुलांसाठी बेतली. त्यावरचा त्यांचा निबंध १९३४ साली प्रसिद्ध झाला. ‘बिने-कामत’ हे नाव आजही अनेक दवाखान्यांत ऐकू येतं. परक्या भाषेत विचारलेल्या प्रश्नानं मुलाची बुद्धी कळत नाही, परकेपणा तेवढा कळतो. कामतांच्या कामाचं मोल मला या गोष्टीत वाटतं.

पण कागदावर शास्त्र पुढे गेलं तरी माणसं मागं राहतात. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतल्या एरवाडीत, दर्ग्याच्या आसऱ्यानं चालणाऱ्या एका खासगी निवाऱ्याला आग लागली. साखळदंडानं बांधलेली माणसं पळू शकली नाहीत. २८ जण गेले. नातेवाइकांनी त्यांना तिथं आणलं होतं, ते बरं होण्याच्या आशेनं. श्रद्धेला दोष देऊन हा प्रश्न सुटत नाही. गुजरातेत उनावा इथल्या मीरा दातार दर्ग्यात पुढे ‘दवा आणि दुआ’ हा उपक्रम सुरू झाला. मुजावर दुआ करतात आणि त्याच माणसाला डॉक्टरकडेही धाडतात. दोन्ही हात एकाच पाठीवर!

२०१७ सालचा मानसिक आरोग्य कायदा २०१८ मध्ये लागू झाला. त्यानं माणसाला साखळीनं बांधायला मनाई केली, उपचारांची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिला, आणि पूर्वी उपचार घेतले एवढ्याच कारणावरून कुणाला आज मनोरुग्ण ठरवता येणार नाही, असं स्पष्ट सांगितलं.

मग आज पहिल्यांदा जाताना काय अपेक्षा ठेवावी? पहिली भेट साधारण पाऊण ते एक तासाची असते. झोप, भूक, काम, घरची माणसं, जुनी दुखणी, व्यसन असे प्रश्न येतील. जीव नकोसा वाटतो का, हेही विचारतील. त्यानं बिचकू नये, हा प्रश्न सगळ्यांनाच विचारतात. घरच्यांशी बोलतील, पण तुमच्याशी एकट्याशीही बोलतील. बोललेलं बाहेर जात नाही. कुणाच्या जिवाला धोका असेल तेव्हा मात्र अपवाद करावा लागतो. औषध मनोविकारतज्ज्ञ लिहून देतात, कारण ते डॉक्टर असतात. चाचण्या आणि बोलण्याचे उपचार बहुधा मानसशास्त्रज्ञ करतात. चाचणीत ठोकळे जुळवायचे असतात, आकडे आठवायचे असतात, चित्रं पाहून सांगायचं असतं. एका बैठकीत ती संपेलच असं नाही. तिथं पास-नापास नसतं, म्हणून मुलाकडून घरी तयारी करून घेऊ नये. नीट झोप झालेली असावी, चष्मा सोबत असावा आणि कोणत्या भाषेत बोलायला बरं वाटतं ते आधीच सांगावं.

आणि आपणही विचारावं. ही चाचणी कशासाठी? अहवाल कोण पाहणार? किती भेटी, खर्च किती? पहिल्या भेटीत रडू येईल, किंवा शब्दच फुटणार नाही, दोन्ही चालतं. दोन-तीन भेटींनंतरही मन मोकळं होत नसेल तर तज्ज्ञ बदलता येतो. जाणं जमतच नसेल तर ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक रात्रंदिवस चालू आहे. त्यावर मराठीतही बोलता येतं.

१९१२च्या त्या छापील कागदावर जी जागा नव्हती, ती मिळायला आपल्याला शंभर वर्षं लागली. घरात कुणी बरेच दिवस गप्प असेल, तर त्याच्याबद्दल शेजाऱ्याला, मामाला, मास्तरांना विचारण्याआधी त्याच्याजवळ बसून त्यालाच विचारू या.