राहून गेलेला धडा

शहापूर-मुरबाडकडे इतिहास शिकवत असताना थळ घाटातली रेल्वे १८६५ साली सुरू झाली, हे मी दरवर्षी सांगायचो. ती बांधताना मेलेल्या मजुरांबद्दल मात्र कधी बोललो नाही.

१९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदाही असाच राहून गेला. कामावर अपघात झाला, तर मालकाची चूक सिद्ध न करताही भरपाई मिळते. मजूर ठेकेदाराचा असला, तरी मूळ मालकाला हात झटकता येत नाहीत. हक्क सोडल्याचा कागद लिहून घेतला, तरी तो रद्दबातल!

मुरबाडच्या एका विद्यार्थ्याचे वडील बांधकामावरून पडले, पाय गेला. ठेकेदाराने थोडे पैसे देऊन असाच कागद पुढे केला. तो त्यांनी माझ्याकडे वाचायला आणला. "द्या अंगठा, मिळतंय ते घ्या," असं मीच म्हणालो.

१ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे सरळांब्याला समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर बसवणारं यंत्र कोसळलं. २० जण गेले. कायद्याला तेव्हा बरोबर शंभर वर्षं झाली होती. मला तो कागद आठवला.

आता त्या तरतुदी २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आल्या आहेत. तुमच्याकडे कुणी असा कागद घेऊन आलं, तर माझ्यासारखं करू नका. आधी कामगार कार्यालयात घेऊन जा.