पत्र, बखर आणि पानिपत : साधनांच्या जातीचा प्रश्न

विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध केला. त्यात १७५० ते १७६१ या काळातील पत्रे होती आणि पत्रांच्या आधी एक दीर्घ विवेचक प्रस्तावना होती. या प्रस्तावनेत राजवाड्यांनी पानिपतच्या मोहिमेची जुळणी पत्रांवरून केली आणि बखरींना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. चुकलेल्या तिथी, मागेपुढे झालेले प्रसंग, परस्परांना छेद देणारे तपशील असा सारा पुरावा त्यांनी बखरींच्या विरुद्ध मांडला. अस्सल कागदाच्या एका चिटोऱ्यापुढे बखरीचा डामडौल टिकत नाही, हा त्यांचा निर्णय पुढे इतका सर्वमान्य झाला की तो एका विशिष्ट वादात, एका विशिष्ट हेतूने दिलेला निर्णय होता याचाच विसर पडला.

या निर्णयाचा वाङ्मयाच्या अभ्यासावर झालेला परिणाम फारसा तपासला गेलेला नाही. इतिहासाने टाकून दिलेली बखर वाङ्मयाने उचलून घेतली. ‘बखर गद्य’ हे पाठ्यक्रमातील एक प्रकरण झाले. तिची ओजस्वी शैली, नाट्यमय प्रसंग, व्यक्तिचित्रे यांची वाखाणणी सुरू झाली. पत्र मात्र इतिहासाकडेच राहिले आणि त्याला शैली असते हे कोणाच्या फारसे ध्यानात आले नाही. ही वाटणी जुनी नाही. ग्रँट डफच्या १८२६ च्या इंग्रजी इतिहासाचे कॅप्टन केपनने मराठी भाषांतर करविले तेव्हा त्याला ‘मराठ्यांची बखर’ हेच नाव शोभले. १८७८ मध्ये सुरू झालेल्या ‘काव्येतिहाससंग्रहा’च्या तर नावातच काव्य आणि इतिहास यांचा समास होता. वीस वर्षांनंतर राजवाड्यांनी हा समास सोडविला, आणि त्यांच्यामागून आलेल्यांनी दोन्ही पदे एकमेकांपासून कायमची दूर ठेवली.

पत्राच्या प्रामाण्याचा आधार असा की ते घटनेच्या वेळी, घटनेत गुंतलेल्या माणसाने लिहिलेले असते. हे खरेच आहे. पण त्यातूनच पत्राची मर्यादाही निघते. सदाशिवरावभाऊंनी उत्तरेतून गोविंदपंत बुंदेल्यांना लिहिलेली पत्रे घ्यावीत. पैसा पाठवा, नावा जमवा, अब्दालीची रसद तोडा, असा तगादा त्यांत सतत येतो. या तगाद्यावरून गोविंदपंतांच्या कुचराईचे अनुमान काढले गेले आणि पानिपतच्या अपयशातला काही वाटा त्यांच्या नावावर जमा झाला. परंतु मागणीचे पत्र हे स्वभावतःच न मिळालेल्या गोष्टींचे पत्र असते. जे मिळाले त्याची पोच दुसऱ्या कागदावर असते आणि तो कागद तितक्या जपणुकीने ठेवला जाईलच असे नाही. शिवाय वरिष्ठाने कामगाराला लिहिताना दटावणी करणे हा त्या काळच्या दरबारी लेखनाचा रिवाजच होता. मायना, कुशलाची विचारणा, आज्ञा, दटावणी आणि पुन्हा आज्ञा या ठरलेल्या चालीत लिहिलेले वाक्य साक्षीदाराच्या जबानीसारखे वाचणे म्हणजे संकेताला घटना समजणे होय. गोविंदपंत डिसेंबर १७६० मध्ये दुआबात, अब्दालीची रसद मारण्याच्या कामगिरीवर असतानाच ठार झाले. हे पत्रांतून उभ्या राहिलेल्या चित्राशी सहजासहजी जुळत नाही.

पत्राची तारीखही वाटते तितकी निर्विवाद नसते. पत्राच्या अखेरीस चंद्र आणि मुसलमानी महिना असतो. वर्ष पुष्कळदा नसतेच. ते मजकुरातील संदर्भांवरून संपादक ठरवितो. म्हणजे ज्या तारखेच्या बळावर बखरीला खोटे पाडायचे ती तारीख काही अंशी संपादकाच्या संगतवार रचनेतून, अर्थात एका कथनातूनच आलेली असते. राजवाड्यांची प्रस्तावना ही या अर्थाने मराठीतील एक श्रेष्ठ बखर आहे, असे म्हटले तर त्यात त्यांचा अधिक्षेप होणार नाही.

याहून महत्त्वाचा मुद्दा पत्रांच्या मौनाचा आहे. २५ ऑक्टोबर १७६० च्या सुमारास अब्दाली बागपतजवळ यमुना उतरला आणि मराठी फौज व दिल्ली यांच्यामध्ये येऊन बसला. दक्षिणेचा रस्ता बंद झाला आणि त्याबरोबर पत्रांचा ओघही आटला. १४ जानेवारी १७६१ पर्यंतचे जवळजवळ अडीच महिने, ज्यांत उपासमार, तहाच्या वाटाघाटी आणि अखेरचा निर्णय झाला, त्यांच्याविषयी सर्वांत प्रमाण मानले गेलेले साधनच सर्वांत कमी बोलते. जिथे पत्र थांबते तिथून पुढे इतर प्रकारच्या साधनांवर विसंबावे लागते.

त्यांपैकी एक काशीराज पंडिताचा फार्सी वृत्तान्त. हा शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेला दक्षिणी ब्राह्मण. लढाईच्या वेळी तो अब्दालीच्या बाजूच्या छावणीत होता आणि वाटाघाटींत त्याचा हात होता. लढाईच्या पहाटे भाऊंची स्वहस्ताक्षरातील एक चिठ्ठी आपल्याला आली, असे तो सांगतो. आता धीर धरणे शक्य नाही, जे व्हायचे ते आत्ताच व्हावे, असा तिचा आशय. आणि त्यासाठी काठोकाठ भरलेल्या पेल्याचा दृष्टान्त. ही चिठ्ठी मराठी वाचकाला पाठ असते आणि ती भाऊंच्या करारी स्वभावाचा अस्सल दाखला म्हणून उद्धृत होते. पण ती पत्र म्हणून कुठे उपलब्ध नाही. उपलब्ध आहे ती काशीराजाने १७८० च्या सुमारास, म्हणजे एकोणीस-वीस वर्षांनी, आठवून फार्सीत लिहिलेली चिठ्ठी. तीही दीर्घकाळ मराठीत पोचली ती ब्राउनच्या इंग्रजी भाषांतरातून. मूळ फार्सीवरून नवे भाषांतर करण्याचे काम पुढे जदुनाथ सरकारांनी केले. भरलेला पेला ही फार्सीत रुळलेली प्रतिमा आहे. मराठी माणसाचा भरतो तो घडा. एका पत्राचे असे आठवणीत, आठवणीचे परभाषेत आणि परभाषेचे पुन्हा मराठीत झालेले रूपांतर डोळ्यांआड करून तिला ‘अस्सल’ म्हणणारे अभ्यासक बखरीतील संवादांना मात्र कल्पित म्हणतात.

नाना फडणीसांच्या आत्मवृत्ताची तऱ्हा आणखी वेगळी. ते लढाईत होते, तिथून जीव वाचवून निघाले आणि त्यांची आई त्या धामधुमीत गेली. परंतु त्यांच्या लेखनाचा रोख युद्धाकडे नाही. स्वतःच्या दोषांची कबुली आणि ईश्वराने केलेले रक्षण या दोन टोकांमध्ये ते मांडलेले आहे. गर्दीत भाऊ नजरेआड होतात आणि लेखक आपल्या सुटकेच्या वाटेला लागतो. प्रत्यक्ष साक्षीदार असूनही सेनापतीच्या शेवटाविषयी त्याच्याकडून काही कळत नाही, कारण त्याने पत्करलेल्या प्रकारात त्याला जागाच नाही.

या पार्श्वभूमीवर ‘भाऊसाहेबांच्या बखरी’कडे पुन्हा पाहावयास हवे. बुराडी घाटावर १० जानेवारी १७६० रोजी दत्ताजी शिंदे पडले. अशी बातमी पत्रात येते तेव्हा सरदार ‘कामास येतो’. क्रियापद एक, आणि लगेच पुढचा मजकूर. बखरीत दत्ताजी बोलतात. घायाळ दत्ताजींना कुतुबशहाने विचारलेला प्रश्न आणि त्यांनी दिलेले ते प्रसिद्ध उत्तर बखरीतूनच महाराष्ट्राला मिळाले. ते ऐकून सांगायला मराठ्यांच्या बाजूचे कोण उरले होते, ही शंका रास्त आहे. पण हा संवाद मराठी गद्यात असूनही हिंदुस्थानीत आहे, याकडे शंका घेणाऱ्यांचे लक्ष गेलेले दिसत नाही. उत्तरेत वावरलेल्या मराठी फौजेचे द्विभाषिक जग, ‘पाटील’ या संबोधनातील सलगी आणि हेटाळणी, रणात पडलेल्या माणसाशी बोलण्याची रीत या गोष्टी पत्रांच्या ठरीव भाषेत उतरत नाहीत. त्या प्रसंगी नेमके काय बोलले गेले याचा पुरावा म्हणून बखर निरुपयोगी असेल. त्या पराभवाकडे लगतची पिढी कोणत्या भाषेत पाहत होती, याचा तिच्याइतका भक्कम पुरावा दुसरा नाही.

अलीकडच्या समीक्षेत याच्या उलट टोकाचा मोह दिसतो. हेडन व्हाइटच्या ‘मेटाहिस्टरी’पासून (१९७३) इतिहास हे कथन आहे हा विचार मराठीतही रुजला, आणि तो पचण्याआधीच त्याचे घोषवाक्य झाले. सगळीच कथने, मग पत्र काय आणि बखर काय, असे म्हणण्यात एक सोयीस्कर समता आहे. राजवाड्यांनी साधनांत उतरंड लावली. ही भूमिका साधनांतला भेदच पुसून टाकते. पत्र लिहिणाऱ्याला शेवट ठाऊक नसतो, बखरकाराला तो ठाऊक असतो. या एका फरकाने वाक्याची घडण, काळाचा वापर, कारणमीमांसा सारे बदलते. शेजवलकरांचा ‘पानिपत : १७६१’ हा ग्रंथ आजही वाचनीय राहिला आहे तो यामुळे की पत्रे, फार्सी वृत्तान्त आणि रणभूमीचा भूगोल यांतील प्रत्येकाला ते त्याच्या जातीचा प्रश्न विचारतात, क्वचित त्यांचा स्वतःचा अभिनिवेश आड येतो, ती गोष्ट निराळी.

साधनांच्या जातीचा हा प्रश्न त्या काळच्या लोकांनाही चुकला नव्हता. पानिपतानंतर स्वतःस सदाशिवरावभाऊ म्हणविणारा एक मनुष्य पुढे आला. रत्नागिरीच्या कैदेतून सुटून १७७६ साली त्याने कोकणात मोठा मुलूख आणि किल्ले काबीज केले. शेवटी तो पकडला गेला आणि चौकशीअंती त्याच वर्षी त्याला देहान्त शिक्षा झाली. न. चिं. केळकरांनी पुढे या प्रकरणावर नाटक लिहिले. हा मनुष्य भाऊ नव्हे हे चौकशीने ठरले. पण भाऊ मेले हे निर्विवादपणे सांगू शकेल असे साधन पुण्याच्या दरबारापाशी नव्हते. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंनी १७८३ मध्ये मृत्यू येईपर्यंत वैधव्य स्वीकारले नाही. रणांगणावर मिळालेल्या शिर नसलेल्या धडाची ओळख कशी पटविली आणि त्याला अग्नी कसा दिला, याची तपशीलवार हकीकत काशीराजाने लिहून ठेवली. ती त्याने लिहिली तेव्हा तोतयाला मरून तीन-चार वर्षे झाली होती, आणि ती फार्सीत होती.