भिंगामागची पोकळ नळी

मुंबईहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर आसनगांव स्थानकांत उतरून शहापुराकडे वळलें कीं माहुलीचे सुळके दिसूं लागतात. आणि कल्याणाहून मुरबाडच्या वाटेनें गेल्यास नाणेघाट व माळशेज यांची भिंत आडवी येते. या मुलखांत कॅमेरा घेऊन येणारा बहुधा कडे, धबधबे व किल्ले टिपून परत जातो. परंतु श्रावणांत त्याच कड्यांच्या पायथ्याशीं, तळहाताएवढ्या जागेंत तेरडा, शेवाळ, मुंग्या, सुरवंट यांची जी सृष्टि नांदते, ती छायाचित्रांत उतरविणें ही निराळी विद्या आहे; तिचा इतिहासहि मनोरंजक आहे.

इंग्लंडांत टॅल्बट यानें 1840 च्या सुमारासच कीटकांच्या पंखांचीं मोठीं चित्रें सूर्यप्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकानें घेतलीं होतीं. मुंबईंत 1854 सालीं छायाचित्रकारांची सभा स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी व त्यांचे बंधु नारायण दाजी हे तिच्या सभासदांपैकीं होत. त्या काळच्या कॅमेऱ्यास कातडी भाता असे. (हा शब्द लोहाराच्या दुकानांतून उचलला आहे, आणि तो चपखल आहे.) भाता ताणला कीं भिंग कांचफलकापासून दूर जाई व जवळची वस्तु मोठी आणि रेखीव उमटे. भिंगाच्या केंद्रांतराच्या दुप्पट ताण दिला कीं फूल जेवढें असेल तेवढेंच फलकावर येई. मात्र प्रकाश चौपट मंदावे आणि फूल तितका अधिक वेळ स्तब्ध राहावें लागे. घाटांतला वारा हें कधींच ऐकत नाहीं.

1925 सालीं जर्मनींत लायका हा लहानसा कॅमेरा विक्रीस आला. तो खिशांत मावे. परंतु भाता गेला आणि त्याबरोबर भिंग दूर नेण्याची सोयहि गेली. गमावलेलें अंतर परत मिळविण्यासाठीं भिंग व कॅमेरा यांच्यामध्यें बसविण्याची पोकळ नळी प्रचारांत आली. 1936 सालीं ड्रेस्डेन येथें निघालेला किने एक्झॅक्टा हा 35 मिमी फीत वापरणाऱ्या पहिल्या आरशाच्या कॅमेऱ्यांपैकीं एक. जें भिंगाला दिसतें तेंच डोळ्याला दिसूं लागल्यामुळें नळीचा उपयोग खरा सुकर झाला. तत्पूर्वीं चित्राची चौकट बरीचशी अंदाजानें बांधावी लागे. पुढें 42 मिमी आट्यांच्या रशियन कॅमेऱ्यांसाठीं 7, 14 व 28 मिमी अशा तीन नळ्यांचा संच मिळे. तिन्ही जोडल्या कीं 49 मिमी, म्हणजे 50 मिमीच्या भिंगास जवळजवळ मूळ आकार.

ही विद्या केवळ हौसेची नव्हे. मुंबईची निसर्गेतिहास संस्था 1883 सालीं निघाली, तेव्हां फुलपाखराची ओळख पटवावयाची म्हणजे तें जाळ्यांत धरून मारावें व टांचणीवर लावावें, हाच सर्वत्र मार्ग होता. 1972 च्या वन्यजीव कायद्यानें अनेक फुलपाखरांस संरक्षण मिळाल्यावर छायाचित्राचें महत्त्व वाढलें. कारवीची गोष्ट आणखी वेगळी. ठाकर-कातकऱ्यांच्या घरांचे कुड जिच्या काठ्यांनीं उभे राहतात ती ही कारवी साधारणपणें सात-आठ वर्षांनीं एकदां सामुदायिकपणें फुलते आणि बीं धरून वाळते. त्या हंगामांत नळी चुकीची निघाली तर दुसरी संधि तितक्याच वर्षांनीं.

म्हणून निवड कशी करावी हें पाहणें अगत्याचें आहे. नळीची लांबी भागिले भिंगाचें केंद्रांतर हें गणित मुलांच्या त्रैराशिकाइतकें सोपें आहे. 50 मिमीच्या भिंगास 25 मिमी नळी लावली कीं अर्धा आकार मिळतो; कारवीच्या फुलास तेवढा पुरतो. फुलपाखराचा स्वभाव वेगळा. 50 मिमीच्या भिंगाला 18 मिमी नळी लावली तर तें सात-आठ इंचांवर असावें लागतें, आणि इतक्या जवळ गेल्यावर तें बहुधा उडून जातें. 100 मिमीच्या भिंगास 36 मिमी नळी लावली तर आकार तोच येतो, पण अंतर पंधरा इंच राहतें. 24 मिमीच्या रुंद भिंगाला मात्र लांब नळी लावूंच नये. वस्तु स्पष्ट दिसण्याची जागा भिंगाच्या आंतच पडते.

आज बाजारांत 12, 20 व 36 मिमी नळ्यांचा संच मिळतो. त्यांत विजेचे संपर्क आहेत कीं नाहींत हें प्रथम पाहावें. 1987 मध्यें आलेल्या कॅननच्या ईओएस मालिकेपासून अनेक भिंगांचें छिद्र विजेनेंच उघडतें-मिटतें. स्वस्त, संपर्करहित नळी लावल्यास छिद्र सताड उघडें राहतें आणि मुंगीचा एक डोळा स्पष्ट, बाकी धुकें. ज्याच्याजवळ छिद्राचें कडें असलेलें जुनें भिंग आहे त्यानें मात्र साध्या नळीवर समाधान मानण्यास हरकत नाहीं; उगाच चौपट पैसे मोजूं नयेत. जड भिंगास प्लॅस्टिकची नळी वांकते. आंतला पृष्ठभाग चकचकीत असेल तर चित्रावर पांढुरका पडदा येतो. पावसाळ्यांत शहापूर-मुरबाडच्या दमट हवेंत बुरशी धरते ती भिंगाच्या कांचेवर. नळींत कांच नसल्यामुळें जुनी, वापरलेली नळीहि, आट्या झिजलेल्या नसतील आणि आंतला काळा रंग शाबूत असेल, तर निःशंकपणें घ्यावी.