चुकून पुसलेली फाईल परत मिळवताना

घरच्या संगणकावरील कौटुंबिक छायाचित्रे, परीक्षेची टिपणे किंवा हिशेबाची फाईल चुकून पुसली गेली तरी ती कायमची गेली, असे लगेच समजण्याचे कारण नाही. अनेकदा ती परत मिळवता येते. मात्र त्यासाठी फाईल पुसली गेल्याचे लक्षात येताच योग्य पावले उचलणे आवश्यक असते.

प्रथम ‘रिसायकल बिन’ पाहावी. १९९५ साली आलेल्या ‘विंडोज ९५’पासून ही सोय उपलब्ध आहे. तेथील फाईलवर उजवे बटण दाबून ‘रिस्टोअर’ हा पर्याय निवडल्यास ती मूळ जागी परत जाते. ‘शिफ्ट’ आणि ‘डिलीट’ ही बटणे एकत्र दाबून पुसलेल्या फायली मात्र या बिनमध्ये जात नाहीत. पेन ड्राईव्हवरून पुसलेल्या फायलींनाही सहसा हाच नियम लागू होतो.

बिनमध्ये फाईल न सापडल्यास डिस्कची कार्यपद्धती समजून घेणे उपयुक्त ठरते. फाईल पुसताना संगणक तिच्यातील मजकूर तत्काळ खोडत नाही. ग्रंथाच्या अनुक्रमणिकेतून प्रकरणाचे नाव काढावे, परंतु पाने तशीच राहावीत, असा हा प्रकार असतो. ती जागा रिकामी असल्याची नोंद होते आणि नवी माहिती तिच्यावर लिहिली जाईपर्यंत जुना मजकूर तेथेच राहतो. १९९१ च्या ‘एमएस-डॉस ५’मधील ‘अनडिलीट’ ही आज्ञा याच तत्त्वावर आधारलेली होती.

म्हणूनच फाईल पुसली गेल्याचे लक्षात येताच त्या डिस्कचा वापर थांबवावा. इंटरनेट पाहणे किंवा नवे सॉफ्टवेअर उतरवून घेणे यामुळेही डिस्कवर नवी माहिती लिहिली जाते. शक्य असल्यास संगणक बंद करून ती डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडावी.

फायली शोधण्यासाठी ‘फोटोरेक’ हे मोफत सॉफ्टवेअर वापरता येते. ते फायलींच्या अंतर्गत रचनेवरून त्या ओळखते. त्यामुळे मजकूर मिळाला तरी मूळ नाव बहुधा मिळत नाही. मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये ‘विंडोज फाईल रिकव्हरी’ हे साधन मोफत उपलब्ध करून दिले. परत मिळालेल्या फायली नेहमी वेगळ्या डिस्कवर साठवाव्यात. अन्यथा उरलेल्या फायलींवरच नवी माहिती लिहिली जाण्याचा धोका असतो. डिस्कमधून खटखट असा आवाज येत असल्यास तो यांत्रिक बिघाड असण्याची शक्यता असते. अशा वेळी कोणतेही सॉफ्टवेअर न चालवता संगणक बंद करावा आणि तज्ज्ञांची मदत घ्यावी.

नव्या लॅपटॉपमधील ‘एसएसडी’ प्रकारच्या डिस्कबाबत परिस्थिती वेगळी आहे. ‘ट्रिम’ या आज्ञेद्वारे संगणक रिकाम्या झालेल्या जागेची माहिती डिस्कला देतो आणि डिस्क ती जागा स्वतःहून साफ करते. २००९ च्या ‘विंडोज ७’पासून ही सोय आहे. त्यामुळे बिनमधूनही पुसलेली फाईल अशा डिस्कवरून परत मिळण्याची शक्यता अत्यल्प असते.

यास्तव महत्त्वाच्या फायलींची प्रत आधीच काढून ठेवणे हाच खात्रीचा उपाय होय. यासाठी ‘३-२-१’ हा संकेत प्रचलित आहे : एकूण ३ प्रती, २ प्रकारच्या साधनांवर आणि त्यांपैकी १ घराबाहेर. विंडोजमधील ‘फाईल हिस्टरी’ आणि मॅकवरील ‘टाईम मशीन’ या सुविधांमुळे हे काम आपोआप होऊ शकते. संगणकाशी जुळवून ठेवलेल्या इंटरनेटवरील साठ्यावर मात्र पूर्णपणे विसंबू नये, कारण एका ठिकाणी पुसलेली फाईल तेथूनही पुसली जाते. ‘गूगल ड्राईव्ह’च्या कचरापेटीत अशी फाईल ३० दिवस राहते, त्यानंतर ती कायमची काढून टाकली जाते.

जुना संगणक विकतानाही हे लक्षात ठेवणे हिताचे आहे. त्यातील खासगी फायली केवळ ‘डिलीट’ केल्या असतील, तर त्या नव्या मालकाच्या हाती पडू शकतात.