राजवाड्यापासून परळपर्यंत : हिमोफिलियाच्या निदानाचा इतिहास

इतिहासाच्या पुस्तकांत हिमोफिलिया भेटतो तो राजवाड्यांत. राणी व्हिक्टोरियाचा मुलगा लिओपोल्ड आणि रशियाचा युवराज अलेक्सेई ही नावे बहुतेकांना ठाऊक असतात. 'राजघराण्यांचा आजार' ही उपाधी तेथूनच चिकटली. ती दिशाभूल करणारी आहे. बोरिवलीच्या चाळीतही हा आजार तितकाच जन्मतो. रांगणाऱ्या मुलाचा गुडघा फारसे निमित्त न होता सुजतो. सांध्यात वारंवार रक्त साचते आणि उपचार न मिळाल्यास ऐन तारुण्यात तो सांधा निकामी होतो.

या रोगाचे कोडे सुटले ते एका विलक्षण प्रयोगातून. १९४४ मध्ये अर्जेंटिनातील पाव्हलोव्स्की यांना आढळले, की एका हिमोफिलिया रुग्णाचे रक्त दुसऱ्याच्या रक्तात मिसळले असता ते गोठते. म्हणजे दोघांत उणीव एकाच गोष्टीची नव्हती! १९५२ मध्ये ब्रिटनमध्ये स्टीफन ख्रिसमस या बालरुग्णाच्या नावाने दुसरा प्रकार नोंदला गेला. फॅक्टर ८ कमी असेल तर 'ए', फॅक्टर ९ कमी असेल तर 'बी'. व्हिक्टोरियाच्या वंशजांचा आजार 'बी' होता, हे मात्र २००९ मध्ये अवशेषांतील डीएनएवरून कळले.

त्याच १९५२ मध्ये मुंबईत डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'बॉम्बे' रक्तगटाचा शोध जाहीर केला. त्या संशोधकांपैकी डॉ. एच. एम. भाटिया यांचे नाव पुढे मुंबईच्या रक्तगट संदर्भ केंद्राशी कायमचे जोडले गेले. १९५७ मध्ये स्थापन झालेले हे केंद्र म्हणजेच आज परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात असलेली राष्ट्रीय प्रतिरक्षा रक्तविज्ञान संस्था. रक्तगटांसाठी जन्मलेली प्रयोगशाळा कालांतराने रक्त न गोठण्याच्या विकारांचेही निदान करू लागली. मुलुंड-घाटकोपरची कुटुंबे मध्य रेल्वेने थेट परळला उतरतात, अंधेरी-बोरिवलीची प्रभादेवीला. सुजलेल्या गुडघ्याच्या मुलाला कडेवर घेऊन त्या गर्दीतून येणे हाही या इतिहासाचा भाग आहे, जरी त्याची नोंद कोठे होत नसली तरी.

अचूक निदान का महत्त्वाचे? १९६४ च्या सुमारास अमेरिकेत ज्युडिथ पूल यांनी दाखवले, की गोठवलेला प्लाझ्मा सावकाश वितळवला तर तळाशी उरणाऱ्या साक्यात फॅक्टर ८ विपुल असतो. हे 'क्रायो' साध्या रक्तपेढीतही तयार होऊ शकते, पण 'बी' प्रकारात ते निरुपयोगी. प्रकार चुकला, तर औषध देऊनही रक्त वाहतच राहते.

पुढे हजारो दात्यांच्या प्लाझ्मापासून फॅक्टरची पावडर बनू लागली आणि तिच्यातून एचआयव्हीही पसरला. ज्याच्या नावाने रोग ओळखला गेला, तो स्टीफन ख्रिसमस १९९३ मध्ये एड्सनेच गेला. जीव वाचवण्यासाठी दिलेल्या रक्तानेच त्याचा घात केला.

१९८४ मध्ये फॅक्टर ८ चे जनुक हाती आले. १९९३ मध्ये उमगले, की तीव्र 'ए' प्रकाराच्या जवळपास निम्म्या रुग्णांत या जनुकाचा एक तुकडा उलटा फिरलेला असतो. आता वाहक स्त्री ओळखता येऊ लागली आणि गर्भाच्या वारेतील पेशी पहिल्या तिमाहीतच तपासता येऊ लागल्या. परळच्या संस्थेने हे काम आपल्याकडे रुजवले. वाहक आई असल्याने दोषही तिच्याच माथी मारला जाई. वस्तुतः सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या घराण्यात हा आजार पूर्वी कोणालाच नसतो; बदल नव्याने घडलेला असतो.

२०१७ मध्ये अमेरिकेत एमिसिझुमॅबला मान्यता मिळाली. त्वचेखाली टोचायचे हे औषध फॅक्टर ८ चेच काम करते. डिसेंबर २०२४ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने पाच रुग्णांवरील जनुकोपचाराचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. उपचारानंतरच्या निरीक्षणकाळात पाचांपैकी एकालाही रक्तस्राव झाला नव्हता.

परळची कामगिरी त्या मानाने किरकोळ दिसते. तेथील संशोधकांनी हिमोफिलिया 'ए' आणि फॉन विलेब्रांड रोग ओळखणारी झटपट चाचणीपट्टी तयार केली. ती वापरायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातही मुलाच्या सुजलेल्या गुडघ्याचे कारण शोधता येते.